पाऊस मोजणारी घरे

आपण मराठी माणसे पाऊस नक्षत्रांत मोजतो. मृगाने सुरुवात केली का, आर्द्रा कोरड्या गेल्या का, हत्तीचा पाऊस कितपत झाला, ही चौकशी गावाकडे फोन लागला की आजही ख्यालीखुशालीच्या बरोबरीने होते. पंचांग उघडून यंदा नक्षत्राचे वाहन बेडूक आहे की म्हैस हे पाहणारे वडीलधारे आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी होते. चेन्नईत येऊन स्थायिक झाल्यावर मात्र हा सारा हिशेब उलटा होतो. तिकडे स्वातीचा पाऊस म्हणजे पावसाळ्याचा निरोप. इकडे नेमका त्याच सुमारास, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, ईशान्य मोसमी पाऊस दाखल होतो आणि आपल्या दिवाळीच्या पणत्या विझवतो. शहराचा वर्षाचा पाऊस सरासरी १४०० मिलीमीटरच्या आसपास, आणि त्याचा निम्म्याहून अधिक वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांतला. पडला तर पूर, न पडला तर पुढच्या उन्हाळ्यात टँकर, अशी इथली रीत आहे.

आमच्या घरी २०१६ सालापासून एक छोटेसे हवामान केंद्र चालते. सोसायटीच्या बागेच्या कोपऱ्यात पर्जन्यमापक, गच्चीवर वाऱ्याचा वेग व दिशा दाखवणारे यंत्र, सावलीत टांगलेले तापमान व आर्द्रता मोजणारे उपकरण, दिवाणखान्यात वायुभारमापक आणि शेजारी एक जाड पुठ्ठ्याची वही, एवढाच त्याचा पसारा. मंडळातील स्नेही घरी आले की हमखास विचारतात, "अहो, सरकारचे एवढे मोठे हवामान खाते असताना तुम्हाला हा उद्योग कशाला?" शेजारच्या मामींचा प्रश्न याहून सरळ असतो. जिन्यात भेटल्या की त्या विचारतात, "मळै वरुमा?" पाऊस येणार का? मामींना मी दरवेळी सांगतो की हे यंत्र येणाऱ्या पावसाचे भविष्य सांगत नाही, येऊन गेलेल्या पावसाची साक्ष तेवढी देते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही. ते इतिहासात आहे, म्हणून स्मरणिकेची ही पाने त्यासाठी खर्ची घालीत आहे.

कौटिल्याचे कुंड

पाऊस मोजण्याची कल्पना आपल्या देशाला नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धान्याच्या कोठारात 'वर्षमान' ठेवावे अशी स्पष्ट सूचना आहे. एक अरत्नी, म्हणजे सुमारे दीड फूट रुंद तोंडाचे ते कुंड असावे, असे मापही दिले आहे. मोजलेल्या पावसाचा शेतीशी व पेरणीशी संबंध कसा लावायचा हे सीताध्यक्ष या शेतीच्या अधिकाऱ्याच्या प्रकरणात येते. कोणत्या प्रदेशात किती द्रोण पाऊस पडतो याची यादीच तिथे आहे. अश्मकात साडेतेरा द्रोण, अवंतीत तेवीस, आणि अपरान्तात अमाप! अश्मक म्हणजे आपले गोदावरीचे खोरे आणि अपरान्त म्हणजे कोकण. देशावरचा माणूस आणि कोकणातला माणूस यांच्या पावसातला फरक त्या काळीही नोंदला गेला होता, हे वाचून मराठी माणसाला गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.

हा ग्रंथ शतकानुशतके लुप्त झाल्यासारखाच होता. तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताने त्याचे हस्तलिखित म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयाला दिले, आर. शामशास्त्री यांनी ते ओळखले आणि १९०९ साली प्रसिद्ध केले. मात्र इतक्या काळजीने नेमून दिलेल्या त्या कुंडांतील रोजच्या नोंदी कुठेही उरलेल्या नाहीत. पद्धत राहिली, आकडे गेले. हवामानाच्या इतिहासात हे नुकसान वारंवार झालेले दिसते, आणि ते भरून काढता येत नाही. गेल्या वर्षीचा पाऊस यावर्षी मोजता येत नाही.

छपरावरून खोलीत आलेली नळी

कोरियात १४४१ साली राजा सेजोंगच्या कारकिर्दीत एकाच मापाचे पर्जन्यमापक तयार करून राज्यभर वाटले गेले. तो राजाज्ञेचा मार्ग होता. युरोपात मात्र हे काम बऱ्याच अंशी हौशी मंडळींनी आपापल्या घरी सुरू केले. त्यातला माझ्या आवडीचा गृहस्थ म्हणजे इंग्लंडमधील लँकशायरचा रिचर्ड टाउनली. याने १६७७ च्या जानेवारीत आपल्या घराच्या छपरावर बारा इंच व्यासाचे नरसाळे बसवले आणि त्याला शिशाची नळी जोडून ती थेट आपल्या खोलीपर्यंत आणली. भिजत बाहेर जाण्याची गरजच नाही! खोलीत बसून पाणी मोजायचे आणि लिहायचे. असे त्याने जवळजवळ पंचवीस वर्षे केले. घरगुती हवामान केंद्राचा आद्यपुरुष म्हणून मी त्याला मनोमन नमस्कार करतो.

त्याच शतकात लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलचा वास्तुकार ख्रिस्तोफर रेन याने आपोआप रिकामी होणाऱ्या, कलत्या भांड्याची युक्ती शोधली. भांडे भरले की त्याचा तोल जातो, ते ओतले जाते आणि पुन्हा जागेवर येते. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्वयंचलित पर्जन्यमापकांत हीच युक्ती आहे. नरसाळ्याखाली सी-सॉसारख्या जोडलेल्या दोन इवल्या वाट्या असतात. एक भरली की कलते आणि दुसरी नळीखाली येते. माझ्या यंत्रात अशा एका कलण्याला ०.२ मिलीमीटर पाऊस धरला जातो. कलण्यांची संख्या मोजली की पाऊस समजला.

नरसाळे कुठे ठेवायचे, याचाही शोध घराच्या छपरावरच लागला. विल्यम हेबर्डेन नावाच्या लंडनच्या डॉक्टराने १७६६-६७ मध्ये एकाच मापाची तीन भांडी ठेवली. एक जमिनीलगत, दुसरे घराच्या छपरावर आणि तिसरे वेस्टमिन्स्टर ॲबेच्या उंच मनोऱ्यावर. वर्षभरात मनोऱ्यावर भरलेला पाऊस जमिनीवरच्या पावसाच्या निम्म्याच्या आसपास निघाला. उंचावर वारा जोराचा असतो, तो भांड्याच्या काठावरून थेंब उडवून नेतो, हे त्याचे कारण पुढे स्पष्ट झाले. म्हणून आमचा पर्जन्यमापक गच्चीवर नाही, खाली बागेत आहे. गच्चीवर तो ठेवला असता तर सौ.च्या कपडे वाळत घालण्याच्या तारेशी तंटा झाला असता तो वेगळाच.

एकोणिसाव्या शतकात या सुट्या सुट्या हौशींना एकत्र गुंफण्याचे मोठे काम जॉर्ज जेम्स सायमन्स या इंग्रजाने केले. १८६० साली त्याने १६८ ठिकाणच्या नोंदी गोळा करून छापल्या. गावचे पाद्री, डॉक्टर, जमीनदार, शिक्षक अशी ही माणसे होती. एकसारखे भांडे, ठरलेली वेळ, रोजची नोंद आणि वर्षाअखेरी पत्र, एवढ्याच नियमांवर ही संघटना वाढली आणि १९०० साली सायमन्स वारला तेव्हा नोंदी पाठवणाऱ्यांची संख्या तीन हजारांच्या पुढे गेली होती. पाच इंच तोंडाचा त्याच्या नावाचा 'सायमन्स पर्जन्यमापक' भारतातील तहसील कचेऱ्यांच्या आवारात अनेक दशके उभा होता. आपल्यापैकी पुष्कळांनी तो लहानपणी पाहिलाही असेल.

एग्मोरचे घर आणि कुलाब्याचे मराठी वेधकर्ते

आता आपल्या चेन्नईकडे वळू. विल्यम पेट्री हा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी. त्याला आकाशाचे वेध घेण्याचा नाद. १७८६ साली त्याने एग्मोर येथे स्वतःची खासगी वेधशाळा उभारली. पुढे त्याने आपली उपकरणे कंपनीला दिली आणि त्यांच्या आधारावर मायकेल टॉपिंगच्या आराखड्यानुसार १७९२ साली नुंगम्बाक्कमला मद्रास वेधशाळेची इमारत उभी राहिली. दुर्बीण बसवण्यासाठी उभारलेला ग्रॅनाइटचा स्तंभ आजही तेथील प्रादेशिक हवामान केंद्राच्या आवारात आहे आणि त्यावर तमिळ व तेलुगूसह अनेक भाषांत लेख कोरलेला आहे. वेधशाळेचा मुख्य हेतू खगोल आणि नौकानयन हा होता. पण जॉन गोल्डिंगहॅमच्या देखरेखीखाली १७९६ पासून तेथे हवामानाच्याही नोंदी होऊ लागल्या, आणि या शहराच्या पावसाचे महिनेवार आकडे १८१३ पासूनचे मिळतात. दोनशे वर्षांहून लांब असलेल्या या मालिकेचे मूळ एका अधिकाऱ्याच्या घरगुती छंदात आहे, हे मंडळातील किती जणांना ठाऊक असेल?

मुंबईला कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली स्थापन झाली आणि तिच्याशी आपली दोन थोर माणसे जोडलेली आहेत. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांना आपण मराठी वृत्तपत्रसृष्टीचे जनक म्हणून ओळखतो. त्यांनी या वेधशाळेचे संचालक म्हणूनही काम पाहिले होते. दुसरे केरो लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्रे. अलिबागजवळच्या नागावचा हा मुलगा १८४० च्या सुमारास, वयाच्या अवघ्या पंधरा-सोळाव्या वर्षी, कुलाबा वेधशाळेत साहाय्यक म्हणून लागला आणि सुमारे दहा वर्षे तिथे राहिला. ठरलेल्या वेळी उपकरण वाचायचे, आकडा टिपायचा, पुन्हा वाचायचे, असे हे काम. त्यात ना टाळ्या, ना मिरवणूक. याच केरूनानांनी पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गणित शिकवले आणि त्यांच्या विद्यार्थ्यांत बाळ गंगाधर टिळक होते. सार्वजनिक गणेशोत्सवाला ज्यांनी १८९३ पासून रूप दिले त्या लोकमान्यांचे गुरू तरुणपणी तापमापकाची वाचने टिपीत होते, ही गोष्ट गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत नोंदवताना मला विशेष आनंद होतो.

कोलकात्यात हेन्री पिडिंग्टन हे जहाजावरचे जुने दर्दी गृहस्थ होते. बंगालच्या उपसागरातून आलेल्या जहाजांच्या रोजनिश्या गोळा करून त्यातील वारा आणि वायुभाराच्या नोंदींवरून ते वादळांची वाट शोधीत. 'सायक्लोन' हा शब्द त्यांनीच १८४८ साली रूढ केला. दर नोव्हेंबरमध्ये आपल्या उरात धडकी भरवणारा हा शब्द अशा दैनंदिन टिपणांतून जन्मला आहे.

खाते उभे राहिले

५ ऑक्टोबर १८६४ रोजी कोलकात्यावर भीषण चक्रीवादळ आले. पाठोपाठ १८६६ मध्ये ओरिसाचा दुष्काळ पडला, १८७१ मध्येही पावसाने दगा दिला. देशभरच्या नोंदी एका पद्धतीने, एका ठिकाणी जमल्या पाहिजेत ही निकड तेव्हा सरकारला पटली आणि १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले. हेन्री ब्लॅनफोर्ड हे त्याचे पहिले प्रमुख. मुख्यालय आधी कोलकात्यात, मग सिमल्यात, १९२८ मध्ये पुण्यात आणि १९४४ मध्ये दिल्लीत गेले. पुण्यात शिवाजीनगरला उतरणारा माणूस आजही 'सिमला ऑफिस' म्हणतो, त्या नावाचे कोडे हे असे आहे. खाते सिमल्याहून आले, नाव चिकटले. जानेवारी २०२५ मध्ये या खात्याला दीडशे वर्षे पूर्ण झाली.

पुण्याच्याच कार्यालयात १९४८ साली अण्णा मणी रुजू झाल्या. मूळच्या त्रावणकोरच्या या विदुषींनी परदेशातून येणारी हवामानाची उपकरणे भारतात बनावी म्हणून शंभराच्या आसपास उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले. चुकीच्या मोजमापापेक्षा मोजमाप नसलेले बरे, अशी त्यांची शिस्त होती. निवृत्तीनंतर त्यांनी बंगळूरला वाऱ्याचा वेग व सौरऊर्जा मोजणाऱ्या उपकरणांचा छोटा कारखानाच काढला. आज आपण बाजारातून पेटी आणून तासाभरात यंत्र बसवतो, तेव्हा त्यामागे अशा माणसांनी घातलेली शिस्त आहे याचा विसर पडू नये.

९४४ आणि ७३

मग पुन्हा तोच प्रश्न. एवढे मोठे खाते असताना घरी कशाला?

याचे उत्तर २६ जुलै २००५ ने दिले आहे. त्या दिवशीच्या चोवीस तासांत मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला सुमारे ७३. शहर एकच, दोन्ही केंद्रे सरकारी, दोन्ही आकडे खरे. पण कुलाब्याच्या आकड्यावरून कुर्ल्याच्या माणसाला काय कळणार होते? आपल्यापैकी कित्येकांचे नातलग त्या रात्री कार्यालयात, लोकलमध्ये, रस्त्यावर अडकून पडले होते. पाऊस वॉर्डाची हद्द पाहून पडत नाही, आणि दोन केंद्रांच्या मध्ये जे घडते ते कागदावर येतच नाही.

आपल्या चेन्नईने हाच धडा दहा वर्षांनी गिरवला. २०१५ च्या नोव्हेंबरात नुंगम्बाक्कमला १०४९ मिलीमीटर पाऊस झाला. एवढा पाऊस यापूर्वी केव्हा झाला होता, असे विचारता उत्तर तत्काळ मिळाले: नोव्हेंबर १९१८ मध्ये १०८८ मिलीमीटर. ९७ वर्षांपूर्वी कोणा कर्मचाऱ्याने भर पावसात जाऊन, भांडे काढून, पाणी मोजून वहीत लिहिले म्हणून हे सांगता आले. त्याचे नाव आपल्याला माहीत नाही, पण त्याचे काम उपयोगी पडले.

मग १ डिसेंबरचा पाऊस आला. २ डिसेंबरच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत नुंगम्बाक्कमला सुमारे २९ सेंटीमीटर, तर तांबरमला ४९ आणि चेम्बरम्बाक्कमला ४७ सेंटीमीटर पाऊस नोंदला गेला. शहराच्या मध्यावर जेवढा पडला त्याच्या दीडपटीहून अधिक नदीच्या वरच्या अंगाला पडला होता, आणि अड्यारच्या काठच्या घरांत जे पाणी शिरले ते या वरच्या अंगाचे होते. त्या रात्री वीज गेली, फोन बंद पडले. सैदापेट, कोट्टुरपुरम, जाफरखानपेट या भागांतील लोकांना जाणून घ्यायचा होता तो आकडा आपल्या डोक्यावरच्या पावसाचा नव्हताच. तो पंधरा-वीस किलोमीटर पलीकडे, कोणाच्या तरी अंगणात पडणाऱ्या पावसाचा होता. आपल्या मंडळाच्या काही कुटुंबांनी त्या रात्री काय सोसले ते इथे पुन्हा लिहिण्याची गरज नाही. आमच्या दक्षिण उपनगरातील घरी पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०१६ मध्ये, पर्जन्यमापक आला त्याचे कारण हेच.

आणि चारच वर्षांनी, २०१९ च्या जूनमध्ये, याच शहराचे मोठे तलाव कोरडे पडले.

आकडा कसा तयार होतो

ज्यांना हा छंद लावून घ्यायचा आहे त्यांच्यासाठी चार व्यावहारिक गोष्टी सांगतो. स्वयंचलित यंत्र नसले तरी चालेल. सरळ तोंडाचे भांडे आणि त्याला जुळणारे मापपात्र पुरे. भांडे उघड्यावर असावे. शेजारची भिंत किंवा झाड जेवढे उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर ते ठेवावे. काठ जमिनीपासून सुमारे ३० सेंटीमीटर वर असावा, म्हणजे जमिनीवर आपटलेले थेंब आत उडत नाहीत. रोज सकाळी साडेआठला वाचन घ्यावे, कारण देशभर हवामान खात्याचा पावसाचा दिवस साडेआठ ते साडेआठ असाच धरतात. एकच वेळ पाळली तरच आपला आकडा दुसऱ्याच्या आकड्याशेजारी मांडता येतो. पाऊस पडला नसेल त्या दिवशी शून्य लिहावे. जागा कोरी ठेवू नये. शून्य ही नोंद आहे, कोरी जागा म्हणजे गैरहजेरी.

तापमापकाला ऊन लागता कामा नये, पण वारा लागला पाहिजे. यासाठी झडपांची पांढरी पेटी वापरतात. ती थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याने १८६४ च्या सुमारास योजली. 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे हे वडील. आजच्या घरगुती यंत्रावर एकावर एक रचलेल्या पांढऱ्या बशांसारखे जे आवरण दिसते, ते त्याच पेटीचे धाकटे भावंड. स्वयंचलित यंत्राच्या नरसाळ्यात पाने, कबुतरांची घाण, मुंग्या आणि क्वचित एखादी पाल मुक्कामाला येते. महिन्यातून एकदा झाकण काढून पुसावे लागते. मुसळधार पावसात कलत्या वाट्या थोडा पाऊस सोडून देतात, म्हणून मी शेजारी साधे भांडेही ठेवतो आणि दोन्ही आकडे लिहितो. बाहेरगावी गेलो तर सौ. लिहितात. वहीत त्यांचे अक्षर माझ्यापेक्षा सुवाच्य आहे, हे कोणीही पाहून सांगेल.

या नोंदींतून घरबसल्या काय काय दिसते! मे महिन्यातील दुपारी वाऱ्याचा काटा पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरतो, आर्द्रता चढते आणि तापमान उतरू लागते. समुद्राचा वारा आल्याची ही वर्दी. ज्या दिवशी तो उशिरा येतो त्या दिवशी शहर भाजून निघते. वादळ जवळ येताना वायुभाराचा आलेख कसा ओघळतो, हे एकदा पाहिलेला माणूस ते विसरत नाही.

हिशेबही सोपा आहे. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षाकाठी १४०० मिलीमीटर पडला तर सुमारे एक लाख तीस हजार लिटर पाणी होते, म्हणजे बारा हजार लिटरचे जवळजवळ अकरा टँकर. तमिळनाडूत २००३ पासून प्रत्येक इमारतीला पर्जन्यजल संधारण सक्तीचे आहे. आमच्या सोसायटीच्या सभेत त्या नळ्या साफ करण्याचा विषय दरवर्षी पुढे ढकलला जाई. टँकरच्या भाषेत हा हिशेब मांडल्यावर तो पहिल्याच सभेत मंजूर झाला.

जिथे घरे एकत्र आली

एकट्या घराची नोंद हौस असते, शेकडो घरांची झाली की ती संस्था होते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्स या गावी २८ जुलै १९९७ रोजी अचानक पूर आला आणि पाच जण दगावले. गावाच्या एका बाजूला चौदा इंचांहून अधिक पाऊस पडला होता आणि काही मैलांवर दोन इंचांच्या आसपास. पुढच्याच वर्षी तेथील हवामानतज्ज्ञ नोलन डोस्केन यांनी सामान्य नागरिकांना साधे प्लॅस्टिकचे पर्जन्यमापक देऊन नोंदी मागवायला सुरुवात केली. 'कोकोराझ' नावाचे ते जाळे आज त्या सबंध देशात पसरले आहे.

दूर कशाला, आपल्या शेजारच्या केरळात पाहा. कोट्टायम जिल्ह्यात मीनाचिल नदीच्या खोऱ्यात गावकरी व शाळकरी मुले पाऊस आणि नदीची पातळी मोजतात व एकमेकांना कळवतात. वायनाडमध्ये ह्यूम सेंटर या संस्थेने स्थानिक लोकांच्या मदतीने सुमारे २०० पर्जन्यमापक बसवले आहेत. ३० जुलै २०२४ च्या पहाटे मुंडक्कई व चूरलमला येथे दरड कोसळून दोनशेहून अधिक माणसे गेली. आदल्या दिवशी सकाळी त्या भागातील पावसाचे आकडे पाहून आपण प्रशासनाला धोक्याची सूचना दिली होती, असे या संस्थेने सांगितले आणि तसे वृत्तपत्रांतून प्रसिद्धही झाले. आकडा हाती असूनही माणसे वाचली नाहीत, हे मन विषण्ण करणारे आहे. आकडा योग्य माणसापर्यंत वेळेत पोहोचणे आणि त्याने तो मानणे, ही पुढची पायरी अजून चढायची आहे. पण पहिली पायरी नसेल तर पुढची कुठून येणार?

आणि आपल्या नगर जिल्ह्यातील, आताच्या अहिल्यानगरमधील, हिवरे बाजार आपण सारे जाणतो. पोपटराव पवारांच्या या गावात पर्जन्यमापकाच्या नोंदीवरून ग्रामसभा वर्षाच्या पाण्याचा ताळेबंद मांडते आणि यंदा कोणती पिके परवडतील ते ठरवते. पाऊस मोजणे ही गोष्ट तिथे शास्त्रज्ञांची राहिलेली नाही, ती घरखर्चाच्या वहीइतकी आपली झाली आहे.

मंडळापुढे एक सूचना

आपल्या मंडळाचे सभासद या शहरात चहूकडे विखुरलेले आहेत. अंबत्तूर, अण्णानगर, मैलापूर, वेळचेरी, तांबरम, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरील नव्या वसाहती, आणि साहुकारपेठेतील गलाई व्यवसायातले आपले बांधव. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी माळावरून आलेल्या या मंडळींना पावसाची किंमत कोणी शिकवण्याची गरज नाही. एरवी हे विखुरलेपण आपली अडचण ठरते. कार्यक्रमाला यायला दोन-दोन तास लागतात. पावसाच्या नोंदीसाठी मात्र हीच आपली संपत्ती आहे.

म्हणून कार्यकारिणीपुढे माझी नम्र सूचना आहे. येत्या ऑक्टोबरपूर्वी निदान दहा घरांत साधा पर्जन्यमापक बसवावा. सकाळी साडेआठला आकडा वहीत लिहावा आणि जोराच्या पावसात दर तीन तासांनी एकमेकांना फोनवर कळवावा. शाळकरी मुलांवर हे काम सोपवले तर उत्तम. केरूनाना कुलाब्याला गेले तेव्हा त्याच वयाचे होते. हे आकडे हवामान खात्याच्या इशाऱ्याची जागा घेणार नाहीत, घेऊही नयेत. पण नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या आपल्याच एखाद्या कुटुंबाला सामान माळ्यावर टाकायला आणि म्हाताऱ्या माणसांना वेळेत हलवायला दोन तास जास्त मिळाले, तरी वहीची किंमत वसूल झाली.

पुढील वर्षीच्या स्मरणिकेत या दहा घरांच्या वर्षभराच्या पावसाचा एक पानाचा तक्ता छापावा. त्यातील कोणत्या घरी किती पडला हे पाहण्यास माझ्याइतकेच आपणही उत्सुक असाल. वह्या मी आणून ठेवल्या आहेत. आरतीनंतर माझ्याकडून घेऊन जाव्यात.

गणपती बाप्पा मोरया!